माईन नदीकाठी एक साधा प्रश्न

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला बेळगावात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडी किती होती? जेवणाची काय सोय? आणि काय काय पाहिलंत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी झटपट देते. तिसऱ्याचं उत्तर ऐकून मात्र समोरचा माणूस जरा चपापतो. कारण ग्योटेचं घर, ऱ्हाइन नदीतली बोटीची सफर असं सगळं सांगून झालं की मी म्हणते, "आणि क्लिंगेनबर्ग नावाच्या गावातली एक कबर पाहिली."

हे गाव टूरवाल्यांच्या यादीत नसतं. मी मात्र ते घरून ठरवूनच निघाले होते, आणि त्याला कारण माझे विद्यार्थी. समाजशास्त्रात धर्म आणि श्रद्धा हा भाग शिकवायला घेतला की दर वर्षी वर्गातून एक तरी हात वर येतो. "मॅडम, 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' हा पिक्चर खरा आहे ना? सत्यघटनेवर आधारित आहे म्हणे." मग पाठोपाठ दुसरा विचारतो, "म्हणजे कोर्टानंही भूत मानलं का?" या पोरांना पुस्तकातलं उत्तर देऊन समाधान होत नव्हतं, त्यांचंही आणि माझंही. म्हटलं, जर्मनीला चाललोच आहोत, तर ती सत्यघटना जिथं घडली ते गाव आणि जिथं खटला चालला ते शहर एकदा पाहून येऊ.

माझा भाचा फ्रँकफर्टला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याची बायको धारवाडची. घरात मराठी आणि कन्नड अशी आपल्याकडची ओळखीची मिसळ चालते, फक्त त्यात आता लेकीच्या जर्मनची भर पडली आहे. माझा बेत ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्या लांब येऊन तुला कबरस्तान बघायचंय?" सूनबाईंनी मात्र लगेच गाडीचं वेळापत्रक काढलं.

सरहद्द कधी आली, कळलंच नाही

फ्रँकफर्ट हेसेन राज्यात आणि आशाफेनबर्ग बव्हेरियात. आपण सीमाभागातली माणसं, त्यामुळे दोन राज्यांची हद्द म्हटली की कान टवकारतात. मी खिडकीला नाक लावून बसले होते. पाटी नाही, नाका नाही. आशाफेनबर्गची माणसं रोज सकाळी फ्रँकफर्टला कामाला जातात आणि संध्याकाळी बव्हेरियात झोपायला येतात. हा सगळा मुलूख शतकानुशतकं माइन्त्सच्या आर्चबिशपांच्या ताब्यात होता. १८१४ साली तो बव्हेरियाकडे गेला. सरकार बदललं, पण माणसांच्या सोयरिकी आणि बाजारहाट होता तिथंच राहिला. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

आशाफेनबर्गला गाडी बदलली. पुढची छोटी गाडी माईन नदीच्या डाव्या काठानं जाते. एका बाजूला ओडेनवाल्डच्या टेकड्या, पलीकडच्या काठाला स्पेसार्टचं जंगल. क्लिंगेनबर्गचं स्टेशन नदीच्या अलीकडे आणि जुनं गाव पलीकडे, त्यामुळे पूल ओलांडून चालत जावं लागतं. पुलावरून जे दिसतं ते चित्रातल्यासारखं आहे. लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरं, वर डोंगरावर पडका किल्ला, आणि त्याच्या अंगाखांद्यावर लाल दगडाचे बांध घालून केलेले द्राक्षांचे मळे. बांध इतके अरुंद आणि उतार इतका उभा, की तिथं बैल काय, यंत्रही फिरणं कठीण. इथली लाल वाइन प्रसिद्ध आहे. आणखी एका गोष्टीसाठी हे गाव एके काळी श्रीमंत होतं. इथल्या खाणीतली चिकणमाती पेन्सिलीच्या शिसासाठी उत्तम समजली जाई. त्या उत्पन्नावर गाव इतकं सुखी होतं, की नागरिकांकडून कर घेण्याऐवजी उलट त्यांनाच पैसे वाटले जात.

हे एवढं सांगण्याचं कारण असं, की भूतबाधेची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड वाडा, पिंपळ, अमावस्येची रात्र असंच काहीतरी येतं. इथं तसं काही नव्हतं. शाळा, दवाखाने, रेल्वे, तासाभरावर विद्यापीठाचं शहर, सगळं होतं. १९७० च्या दशकातली पश्चिम जर्मनी म्हणजे जगातल्या सर्वांत पुढारलेल्या देशांपैकी एक. आणि तरीही याच गावात, १ जुलै १९७६ रोजी, तेवीस वर्षांची एक कॉलेजात शिकणारी मुलगी आपल्या घरात, आपल्या माणसांमध्ये, अन्नपाण्याविना मेली.

शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी

तिचं नाव आनेलीझ मिशेल. जन्म १९५२ चा. घर कडक कॅथलिक. प्रार्थना, उपवास, चर्च यांत वाढलेली, अभ्यासात चांगली, प्रकृतीनं नाजूक. सोळाव्या वर्षी तिला पहिला झटका आला. पुढे आणखी आले. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, अपस्माराचं निदान केलं. आपण ज्याला फिट किंवा फेफरं म्हणतो तो आजार. औषधं सुरू झाली. पण झटक्यांबरोबर मन काळवंडत गेलं. तिला भेसूर चेहरे दिसू लागले, प्रार्थनेच्या वेळी शिव्याशाप देणारे आवाज ऐकू येऊ लागले. तशाही अवस्थेत ती १९७३ साली वुर्झबर्गच्या विद्यापीठात दाखल झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

आजाराच्या या टप्प्यावर काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलेलं असेल. गोळ्यांनी लगेच गुण येत नाही. घरच्यांचा धीर सुटतो. मग कुणीतरी नातेवाईक, कुणीतरी शेजारी म्हणतो, "हे डॉक्टरांचं काम नाही." आनेलीझ एकदा तीर्थयात्रेला गेली असताना क्रूसाजवळून जाऊ शकत नाही, असं सोबतच्या बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. घरात शब्द आला. पुढे सगळं त्या शब्दाच्या चाकोरीतून चाललं.

सप्टेंबर १९७५ मध्ये वुर्झबर्गचे बिशप योसेफ श्टांगल यांनी भूत उतरवण्याच्या विधीला परवानगी दिली, आणि गुप्तता पाळायला सांगितलं. फादर आर्नोल्ड रेन्त्स यांनी विधी करायचा, तरुण फादर एर्न्स्ट आल्ट त्यांच्या सोबतीला. पुढच्या दहा महिन्यांत असे ६७ विधी झाले. आठवड्याला एक किंवा दोन, कधीकधी चार-चार तास चालणारे. चाळीसहून अधिक वेळा टेपरेकॉर्डर सुरू होता. त्या टेपांवर तिचा घोगरा, गुरगुरणारा आवाज आहे. आपल्यात कोण कोण शिरलं आहे याची ती नावं सांगते: ल्युसिफर, केन, जुडास, नीरो आणि हिटलर. ही यादी नीट पाहण्यासारखी आहे. बायबल, इतिहासाचा तास आणि जर्मन माणसाच्या मनातली ताजी जखम, या तीन ठिकाणांहूनच ही नावं आली आहेत. आपल्याकडे अंगात आलेली बाई कधी हिटलरचं नाव घेत नाही. ती विहिरीत जीव दिलेल्या थोरल्या जावेचं नाव घेते.

हळूहळू तिनं खाणं सोडलं. बिघडलेल्या तरुण पिढीसाठी आणि धर्म सोडणाऱ्या पाद्रींसाठी आपण प्रायश्चित्त घेत आहोत, अशी तिची समजूत झाली होती. शेकडो वेळा गुडघे टेकून गुडघे निकामी झाले. गेली तेव्हा तिचं वजन जेमतेम ३० किलो होतं. आदल्या दिवशी तिनं आईला, मला भीती वाटते, असं सांगितल्याची नोंद आहे.

गावातल्या दफनभूमीत तिची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथं ताजी फुलं होती, काचेच्या लाल डब्यांत मेणबत्त्या तेवत होत्या. काही लोक तिला संत मानून नवस बोलायला येतात, काही नुसते सिनेमा पाहून कुतूहलानं येतात. आम्ही फोटो काढला नाही. तिचं घर कुठं आहे, हेही कुणाला विचारलं नाही. गावानं पन्नास वर्षं पुरेशी चौकशी सोसली आहे. मी मनातल्या मनात हकीकत पुन्हा जुळवत उभी होते. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरन यारू करीलिल्लेन्री?" उपचाराला डॉक्टर कुणीच बोलावला नाही का हो?

कोर्टानंही तेच विचारलं

परतीच्या वाटेवर आशाफेनबर्गला उतरलो. नदीकाठी लाल दगडाचा चार बुरुजांचा राजवाडा आहे, योहानिसबर्ग. तो पाहून आम्ही त्याच्यासमोरच्या बाकावर बसलो आणि मी भाच्याला खटल्याची हकीकत सांगितली.

३० मार्च १९७८ रोजी याच शहरात खटला उभा राहिला. आरोपी चार: दोन धर्मगुरू आणि मुलीचे आईवडील. आरोप खुनाचा नव्हता, निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याचा होता. खटला सुरू होण्याआधी महिनाभर, फेब्रुवारीत, आईवडिलांच्या विनंतीवरून तिचं शव पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या शवपेटीत ठेवलं गेलं. देह कुजलेला नाही असा दृष्टांत एका जोगिणीला झाला होता. प्रत्यक्षात तो इतर कुठल्याही देहासारखाच विघटित झालेला होता. कोर्टात त्या टेपा वाजवल्या गेल्या. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की बाधा खरी होती, धर्माचरणाचं स्वातंत्र्य घटनेनं दिलं आहे, आणि टेपा हाच पुरावा. मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की अपस्माराचा आजार, त्यातून ढासळलेलं मन आणि त्या मनाला घरातल्या वातावरणानं पुरवलेली भाषा, यांतून हे घडलं. आजूबाजूचे सगळे 'तुझ्यात सैतान आहे' असंच धरून चालले होते, तेव्हा तिनं दुसरं काय बोलावं?

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचं उत्तर. कोर्टानं भूत मानलं का? कोर्टाचा निकाल त्या प्रश्नावर टेकलेलाच नव्हता. सैतान असतो की नसतो हे ठरवणं न्यायाधीशांचं काम नव्हतं. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता: डोळ्यांदेखत माणूस उपासमारीनं मरतं आहे, अशा वेळी जबाबदार माणसांनी वैद्यकीय मदत का मागितली नाही? मृत्यूच्या आठवडाभर आधी जरी उपचार मिळाले असते तरी ती वाचू शकली असती, असं सरकार पक्षानं मांडलं. चौघांनाही दोषी ठरवण्यात आलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती तीन वर्षांच्या परिवीक्षेवर स्थगित केली गेली. म्हणजे कुणी तुरुंगात गेलं नाही. आईवडिलांना तर शिक्षाच देऊ नये, त्यांनी पुरेसं भोगलं आहे, असं खुद्द सरकारी वकिलांचं म्हणणं होतं. परवानगी देणाऱ्या बिशपांवर खटला झाला नाही.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या ग्रंथाच्या आधारे हा विधी झाला तो १६१४ सालचा. त्या चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात सुरुवातीलाच बजावलं आहे, की कुणाला बाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका, ती लक्षणं आजाराची तर नाहीत ना ते पाहा, आणि औषधोपचार वैद्यांवर सोपवा. १९९९ साली हा विधी सुधारण्यात आला तेव्हा वैद्यकीय सल्ल्यावर आणखी भर देण्यात आला. तेव्हा हा धर्म विरुद्ध विज्ञान असा सरळ सामना नव्हता. धर्मानंच घातलेला कठडा धार्मिक माणसांनी ओलांडला होता.

भाचा म्हणाला, "आपल्याकडे कोर्टात असं काही आलंय का गं?" आलंय की. १९५८ साली ओडिशात, रासगोविंदपूरच्या ओसाड विमानतळावर रात्री दिवे हलताना दिसले. भुतं आहेत असं समजून एका नेपाळी नोकरानं खुकरी घेऊन हल्ला केला. ती मोहाची फुलं वेचायला कंदील घेऊन आलेली आदिवासी माणसं होती. एक बाई मेली. उच्च न्यायालयानं त्याची सुटका कायम ठेवली, कारण त्या क्षणी तो प्रामाणिकपणे भूतच समजत होता. इथंही न्यायालयानं भुताची चौकशी केली नाही, माणसाच्या मनाची केली. आणि 'माझ्या अंगात दुसरंच कुणी होतं' असं एखादा आरोपी म्हणाला, तर आपला कायदा विचारतो की कृत्य करताना त्याचं मन इतकं विकल होतं का, की आपण काय करतो आहोत हेच त्याला कळत नव्हतं. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

अमेरिकेत १९८१ साली कनेटिकट राज्यात आर्नी जॉन्सन नावाच्या तरुणानं घरमालकाला भोसकलं आणि त्याच्या वकिलानं सरळ 'सैतानानं करवलं' असा बचाव पुढे केला. न्यायाधीशांनी तो ऐकूनच घेतला नाही, कारण ज्याचा पुरावा देता येत नाही त्यावर बचाव उभा राहू शकत नाही. जॉन्सन मनुष्यवधासाठी दोषी ठरला.

पडद्यावर आईवडील कुठे गेले?

आता सिनेमाकडे वळू. जॉन्सनच्या गोष्टीवर २०२१ साली 'द कॉन्ज्युरिंग'च्या मालिकेतला तिसरा भाग निघाला. त्यात भूत खरंच आहे. ज्या माणसाचा जीव गेला, तो मात्र कथेच्या कोपऱ्यात जातो.

आनेलीझवर गाजलेले चित्रपट दोन. २००५ चा 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' अमेरिकेचा. दिग्दर्शक स्कॉट डेरिकसन. जेनिफर कारपेंटरनं अंग वाकवून, किंचाळून जे काम केलं आहे त्यानं झोप उडते. चित्रपट बराचसा कोर्टात घडतो आणि दोन्ही बाजू मांडल्याचा आव आणतो. पण बारकाईनं पाहा. आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त धर्मगुरू आहे. आईवडील आरोपी नाहीतच. मूळ खटल्यातली सर्वांत अवघड गोष्ट, म्हणजे पोरीवर जीव टाकणारे आईबाप तिच्या मृत्यूला जबाबदार ठरणं, ती पडद्यावरून पुसली गेली आहे. मग प्रेक्षकासाठी उरतं ते भूत खरं की खोटं एवढंच कोडं. त्या कोड्यात रंगलेल्या माणसाला ताटातलं न खाल्लेलं अन्न दिसत नाही.

दुसरा 'रेक्विएम', २००६ चा जर्मन चित्रपट, हान्स-क्रिस्टियान श्मिड यांचा. यात नावं बदलली आहेत. मान फिरत नाही, पलंग हवेत उडत नाही. घर सोडून विद्यापीठात आलेली एक मुलगी, तिची मैत्रीण, तिचा मित्र, तिच्या गोळ्या, आणि आईशी असलेला ताण. सांड्रा ह्युलर या नटीला बर्लिनच्या महोत्सवात या भूमिकेसाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं. या चित्रपटात वाईट माणूस कुणीच नाही. प्रत्येकजण तिच्या भल्यासाठीच काहीतरी करतो आहे. हे पाहताना जी भीती वाटते ती भुताच्या सिनेमातली नाही, शेजारच्या घरातली आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी हा कुणीच पाहिलेला नसतो.

आपल्याला याहून जवळचा म्हणजे 'आप्तमित्र'. २००४ सालचा विष्णुवर्धन आणि सौंदर्याचा हा कन्नड चित्रपट आपल्या भागात घरोघरी पाहिला गेला. मूळ १९९३ चा मल्याळम 'मणिचित्रताळ', आणि हिंदीत तो २००७ साली 'भूल भुलैया' झाला. त्यात वाड्यातली नागवल्ली म्हणजे भूत नसून सुनेच्या मनाचा आजार आहे, असं मानसोपचारतज्ज्ञ सांगतो. एवढं मोठं सत्य एका करमणुकीच्या चित्रपटानं सांगितलं, ही मोठीच गोष्ट. पण थिएटरातून बाहेर पडताना लोकांच्या लक्षात काय राहिलं? सौंदर्याचे वटारलेले डोळे आणि 'रा रा' हे गाणं. डॉक्टर कुणाच्या लक्षात राहिला?

बाधा उतरते, आजार राहतो

आपण मराठीत म्हणतो, 'तिला बाधा झाली', 'लागीर झालं'. कन्नडमध्ये म्हणतात, 'देव्वा बडदैती'. शब्द वेगळे, पण दोन्ही भाषांत अर्थ तोच: काहीतरी बाहेरून आलं आहे. आमच्या मुलीत दोष नाही, आमच्या घराण्यात दोष नाही. बाहेरून आलं ते बाहेर घालवता येईल. आजाराचं तसं नसतं. आजार म्हटलं की वर्षानुवर्षं गोळी आली, खर्च आला, आणि मुलीचं लग्न कसं जमायचं ही चिंता आली. म्हणून घरची माणसं आजारापेक्षा बाधा पत्करतात. यात अडाणीपणापेक्षा भीती जास्त असते. ही भीती कायद्यानंही बरीच वर्षं जोपासली. हिंदू विवाह कायद्यात फिट येणं हे विवाह अवैध ठरवण्याच्या कारणांपैकी एक होतं. ते १९९९ साली वगळण्यात आलं. कायद्यातून गेलं, पण स्थळ पाहायला आलेल्या मंडळींच्या मनातून अजून गेलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बी.ए.ची एक मुलगी होती, खानापूरच्या बाजूच्या खेड्यातली. अधूनमधून गैरहजर असायची, ती बहुधा अमावस्येच्या आसपास. मैत्रिणींकडून कळलं की तिला झटके येतात आणि घरचे तिला एका देवऋष्याकडे नेतात. हातावर वळ दिसले तेव्हा मी तिच्या आईला बोलावून घेतलं. बाई साधी, शेतावर राबणारी. मी श्रद्धेविषयी एक अक्षर बोलले नाही. फक्त एवढं म्हटलं, "देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांनाही दाखवा." ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "बाई, गोळी सुरू केली तर देव कोपायचा नाही ना?" मी म्हटलं, "गोळी बनवायची बुद्धी माणसाला कुणी दिली?" तिला ते पटलं असावं. मुलीचं एक वर्ष वाया गेलं. पण गोळ्या चालू राहिल्या, झटके आटोक्यात आले आणि ती पदवीधर झाली. आई अजून दर अमावस्येला नारळ वाढवते. त्याला माझी काहीही हरकत नाही.

क्लिंगेनबर्गच्या त्या कबरीपुढे मला हीच मुलगी आठवली होती. तीच वयाची, तोच आजार, शिक्षणाची तीच ओढ. फरक पडला तो गोळी चालू राहिली की नाही, एवढ्यानंच.

आज आपल्याकडे कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षं झुंज दिली तो कायदा महाराष्ट्रानं त्याच वर्षी केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, चटके देणं हा त्याखाली गुन्हा आहे. कर्नाटकानं २०१७ साली असाच कायदा मंजूर केला, तो २०२० पासून लागू झाला. म्हणजे चंदगडला राहा नाहीतर खानापूरला, हद्दीच्या दोन्ही बाजूंना संरक्षण आहे. मनोरुग्णाला साखळदंडानं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं संपूर्ण देशात बंदी आहे. त्यामागे एरवाडीची आठवण आहे. तमिळनाडूतल्या त्या श्रद्धास्थानाच्या परिसरात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, आणि साखळ्यांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

पण कायदा सहसा मेल्यानंतर किंवा मारल्यानंतर येतो, जसा तो आशाफेनबर्गला आला. त्याआधीचे दहा महिने घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि शिक्षकांचे असतात. सूनबाईंचं माहेर धारवाडच्या त्या मोठ्या मनोरुग्णालयापासून जवळ आहे. १८४५ पासून ते चालू आहे. आपल्याकडे कुणी जरा वेड्यासारखं वागलं की 'धारवाडला पाठवा याला' असं थट्टेनं म्हणतात. गाडीत त्या सांगत होत्या, लहानपणी त्यांनी त्या फाटकाबाहेर रिक्षा थांबवून, तोंडावर पदर ओढून आत जाणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. ओळखीचं कुणी पाहील म्हणून घाबरलेल्या. "तोंड लपवत का होईना, त्या आत गेल्या," त्या म्हणाल्या. "एष्टो मंदी होगूदइल्ल." कितीतरी लोक जातच नाहीत.

तेव्हा वाचकहो, घरात कुणाला झटके येत असतील, कुणाला आवाज ऐकू येत असतील, कुणी जेवणखाण सोडून कोपऱ्यात बसत असेल, तर देवाधर्माचं जे करायचं ते जरूर करा. पण त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जा, आणि गोळी मध्येच बंद करू नका. लग्नाचं पुढे पाहता येईल. आणि पोरं कॉलेजातून येऊन विचारतील की तो पिक्चर खरा आहे का, तर सांगा, हो, मुलगी खरी होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं.